ट्रकला नसलेली चकती

आमचं घर आणि आण्णांचं गॅरेज यांच्यामध्ये फक्त एक पत्र्याचं दार होतं, आणि ते दिवसभर उघडंच असायचं. पेठेत, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. सकाळी आई चुलीपाशी भाकरी थापायची तो थपथप आवाज आणि पलीकडे आण्णा एखाद्या ट्रकचा जाम झालेला नट हातोडीनं ठोकून सैल करायचे तो आवाज, हे दोन्ही एकदमच सुरू व्हायचे. पाहुणे आले की त्यांना दोन-तीन दिवस झोप लागायची नाही. आम्हाला मात्र गॅरेज बंद असलं की चैन पडायचं नाही. घरातल्या प्रत्येक भांड्याला डिझेलचा वास होता असं माझी मावशी म्हणायची. आई ते कधीच मान्य करायची नाही. पण हुलग्याची शेंगोळी शिजायला लागली, लसणाची फोडणी बसली की तो वास डिझेललाही मागे सारायचा, आणि रस्त्यानं जाणारे ओळखीचे ड्रायव्हर पत्र्याच्या दारातून डोकावून विचारायचे, "वैनी, आज शेंगुळं हाय वाटतं?"

आण्णांच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन खाली कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. आण्णांनी पोरवयात त्यातल्या काही वाऱ्या केल्या, आणि एकदा घाटात बंद पडलेल्या ट्रकपाशी थांबले ते थांबलेच. ट्रक दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे दीड दिवस, ते दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकच्या शेजारून हलले नाहीत, आणि कळप पुढे निघून गेला. आजोबांनी त्यांना त्याबद्दल कधी बोल लावला नाही. उलट गॅरेज टाकलं तेव्हा एक जाडजूड घोंगडी दिली. तीच अंथरून आण्णा आयुष्यभर गाड्यांखाली झोपले. डिझेल इंजिनाच्या बाबतीत त्यांच्यासारखा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. ट्रक अजून वळणावर असतानाच ते म्हणायचे, "तिसरा इंजेक्टर गेलाय बघ," आणि तिसराच गेलेला असायचा.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिकला गेले, वर्गात एकटीच, आणि दोन वर्षांनी परत येऊन आण्णांच्या बरोबरीनं कामाला लागले. लोकांना त्याचं नवल वाटायचं तेवढं आम्हाला नव्हतं. आण्णांनी मला एकदाच विचारलं होतं, "हिरे, हाताची नखं काळी राहतील कायमची, चालंल का?" मी म्हटलं चालेल. विषय संपला. आता पन्नाशी कधीच मागे पडली आहे आणि नखं अजून काळीच आहेत.

हे प्रकरण ज्या गाडीचं आहे ती प्रतापभाऊंची. प्रतापभाऊ नारायणगावच्या बाजूचे द्राक्ष बागायतदार, वय असेल तिशीचं, बोलायला मोकळे आणि गाडीच्या बाबतीत पार वेडे. डोंगरचढाईच्या शर्यतीत भाग घ्यायचा म्हणून त्यांनी एका छोट्या पांढऱ्या गाडीत परदेशातून आलेलं जुनं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं होतं, टर्बो असलेलं. टर्बो म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. त्या काळात आमच्याकडे टर्बो यायचे ते ट्रकचे आणि थोडे जीपचे, सगळे डिझेलवर. पेट्रोलचा टर्बो आम्ही दोघंही पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी आली तीच निळा धूर सोडत. टर्बोचा दांडा खिळखिळा झाला होता. प्रतापभाऊंनी मागच्या सीटवरून फडक्यात गुंडाळलेला दुसरा टर्बो काढला. "आण्णा, हा शेवटचा. असला परत मिळायचा नाही. अकरा दिवसांनी शर्यत आहे." मग डिकीतून एक चकचकीत खोकं काढलं. "आणि पुण्यात एक जण म्हणाला, याला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह पाहिजे, त्यानंच हा दिला. पाय काढला की फुस्स करून हवा सोडतो. लावायचा का?"

आण्णांनी तो व्हॉल्व्ह हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि खोक्यात परत ठेवला. "इतकी वर्सं टर्बोचे ट्रक खोलतोय, भाऊ. एकाला तरी असला व्हॉल्व्ह व्हता का? ही आवाजाची हौस हाय नुसती. तुमी घाट चढून येता आन् गरम गाडी झटक्यात बंद करता. टर्बोत तेल जळतंय, बेअरिंग खातंय. टर्बो मरतो तो तेलानं." चहा पीत बसलेले दोन ड्रायव्हर हसले. प्रतापभाऊही ओशाळून हसले. आण्णांचा शब्द आमच्या रस्त्यावर असाच चालायचा, आणि नव्याण्णव वेळा तो खराच असायचा.

मेलेला टर्बो खोलायचं काम माझ्याकडे आलं. मी तो टेबलावर घेऊन सुटा केला आणि तेलाच्या वाटा आधी पाहिल्या, कारण आण्णा म्हणाले होते तर तिथे जळक्या तेलाचा थर मिळणारच अशी माझी खात्री होती. नव्हता. वाटा स्वच्छ होत्या. दांडाही कुठे तापून निळा पडला नव्हता. झिजली होती ती एकच गोष्ट, थ्रस्ट वॉशर. दांडा पुढे-मागे सरकू नये म्हणून जी चकती असते ती, आणि तीही एकाच बाजूनं, जणू कुणीतरी त्या दांड्याला पुढून धक्के देत राहिलं होतं. तेल कमी पडलं असतं तर बेअरिंग सगळीकडून गेलं असतं. मी तो वॉशर फडक्यात बांधून खिशात ठेवला. ड्रायव्हर बसलेले असताना आण्णांना खोडून काढायची माझी हिंमत नव्हती.

जेवताना मी तो वॉशर ताटाशेजारी ठेवला. "आण्णा, तेल नाही. हवा माघारी येतीय आणि दांड्याला ढकलतीय. तो पुण्याचा माणूस खरं सांगतोय असं वाटतं."

आण्णांनी वॉशर उलटापालटा केला. त्यांना झीज दिसली. त्यांना न दिसणं शक्यच नव्हतं. पण ते म्हणाले, "मग ट्रकची हवा का येत न्हाई माघारी? तितंबी टर्बो, हितंबी टर्बो. सांग."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"सांगता येत न्हाई ना? मग शिकलीस तवर शिकलीस. फुडचं कळल्यावर बोल."

"जेवताना इंजिन नको," आई म्हणाली आणि तिनं तो वॉशर उचलून फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. त्या दिवशी मासवडी केली होती. खास माझ्यासाठी, कारण ती करायला अर्धा दिवस जातो आणि आई ती सणावारीच करते. मला तिची चवसुद्धा लागली नाही. राग आण्णांचा नव्हता. त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, याचा राग होता.

दोन दिवसांनी मामांकडे लोणीला जावं लागलं. मामांनी विहिरीपासून लांबच्या तुकड्यापर्यंत नवी पाइपलाइन टाकली होती, ते दाखवायला त्यांनी आईला बोलावलं होतं, आणि मला बरोबर नेलं ते मोटर बघायला. मंचरला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. मोटर उत्तम चालत होती. शेवटच्या टोकाला मामांचा गडी पाणी धरत होता. वाफा भरला तसा त्यानं लोखंडी कॉक एका हिसक्यात फिरवून बंद केला. पाइपातून धाडकन आवाज आला, जमिनीतून हादरा जाणवला आणि आमच्यापासून वीसेक हातांवर सांधा फुटून पाण्याचा फवारा उडाला. आई ओरडली. मामा धावत आले.

"किती येळा सांगितलं, कॉक सावकाश फिरव! पाण्याला फुडं वाट न्हाई आन् मागनं मोटर ढकलतीया, मग ते जातंय कुठं? माघारी धडक मारतंय!"

मी त्या चिखलात उभी राहिले आणि मला हसू फुटलं. मामांना वाटलं मी त्यांच्या नुकसानीला हसले. त्यांची समजूत काढायला मला नंतर फार वेळ लागला. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर पाइप नव्हताच. कॉक होता. पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी हवा अडवणारी एक गोल चकती असते, थ्रॉटलची. ड्रायव्हरनं पायडलवरून पाय काढला की ती चकती बंद होते. डिझेल ट्रकला ती चकतीच नसते. तिथे पाय काढला की डिझेल कमी होतं, हवेची वाट उघडीच राहते. ट्रकचा टर्बो दाबलेली हवा कोंबत राहिला तरी ती इंजिनात निघून जाते. पेट्रोलच्या टर्बोपुढे मात्र कुणीतरी धाडकन दार लावतं. आण्णांचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते त्यांच्याच ट्रकमध्ये होतं.

परत आले तो आण्णांनी शेवटचा टर्बो बसवून टाकला होता. प्रतापभाऊ गाडी न्यायला आले होते, चार-पाच ओळखीचे लोक चहाला थांबले होते, आणि आण्णा तेल बदलल्याचं व घाटानंतर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं समजावून सांगत होते. घरात जाऊन वाट बघावी, सगळे गेल्यावर बोलावं, असं मनात आलं. पण सगळे गेल्यावर गाडीही गेली असती. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आण्णा, गाडी अशी दिली तर हाही टर्बो जाईल."

आण्णांनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "ट्रकचा का जात न्हाई?"

"ट्रकला थ्रॉटलची चकती नाही. हिला आहे." मी बॉनेटमध्ये हात घालून ती चकती बोटानं उघडबंद करून दाखवली. "पाय काढला की हे दार बंद. मधल्या पाइपातली हवा कुठं जाईल? आली त्याच वाटेनं, टर्बोच्या चाकावर. मामांची पाइपलाइन आत्ता अशीच फुटली."

आण्णांनी स्वतः वाकून ती चकती दोनदा उघडबंद केली. मग चावी माझ्या हातात दिली. "चल, घाटात दाखव."

अवसरीच्या घाटात मी गाडी चालवली, आण्णा शेजारी, काच खाली, डोकं बाहेर. चढावर दाबली आणि वळणाआधी पाय काढला. डोंगराच्या कापलेल्या भिंतीवरून आवाज परत आला, फुर्रर्रर्र, कबुतरांचा थवा उडावा तसा. मी पुन्हा दाबली, पुन्हा पाय काढला. पुन्हा तोच आवाज, माघारी येणारी हवा टर्बोच्या चाकावर फडफडत होती. तिसऱ्या वेळी आण्णा म्हणाले, "बास. ऐकलं." परत आल्यावर ते गॅरेजसमोर उतरले आणि सगळे बसले होते तिथे जाऊन उभे राहिले.

"प्रतापभाऊ, मी चुकलो व्हतो. तेलाचं न्हाई. पोरगी म्हणती ते खरं हाय. तुमचं ते खोकं आणा."

एवढंच. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी त्यानंतर पुष्कळ मोठी माणसं पाहिली, आपल्या चुकीला दहा कारणं जोडणारी. आण्णांनी एकही जोडलं नाही.

इथपर्यंतच घडलं असतं तर ही गोष्ट मी आनंदानं इथेच संपवली असती. पण मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि नुकतीच जिंकले होते. टर्बो आणि चकतीच्या मधल्या पाइपावर एक भोक आधीच होतं, रबर आणि बोल्ट घालून बुजवलेलं. बोल्ट काढला, तिथे व्हॉल्व्ह बसवला, संध्याकाळी ऊन असतानाच घाटात नेली. पाय काढला की फुस्स! असा दणदणीत आवाज की रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. प्रतापभाऊ मागच्या सीटवरून लहान पोरासारखे ओरडले, "राव, लई भारी! परत कर, परत कर!" मी परत केलं. फुस्स. आणि ऐन वळणात इंजिन बंद पडलं. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी कशीबशी कडेला घेतली. सुरू केली तर मागून काळा धूर. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. शर्यतीत, दरीच्या बाजूनं असं झालं असतं तर? प्रतापभाऊंचं ओरडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॉल्व्ह चार वेळा काढून घातला. त्यात काही दोष नव्हता. माझा चेहरा रडवेला झाला असावा, कारण आईनं न विचारता चहा आणून ठेवला. आण्णा सायलेन्सरमागे उकिडवे बसले होते, मला म्हणाले, "रेस दे, मग सोड." मी तसं केलं. त्यांनी धूर हुंगला. "कच्चं पेट्रोल. हिला हवा कमी आन् पेट्रोल जास्त मिळतंय. पेट्रोल किती द्यायचं हे कोण ठरवतंय?"

फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारं एक यंत्र होतं, मी ते दाखवलं. ते हवा मोजतं, त्या मापानं इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो.

आण्णा बराच वेळ पाइपावरून बोट फिरवत राहिले, यंत्रापासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून चकतीपर्यंत. "म्हंजी दहा माणसं दारातनं मोजून घेतली. दहांचा सैपाक केला. आन् तू मदल्या दारानं चार जणांना बाहेर काढलंस. सैपाक उरला, तो जळतोय." मग त्यांचं बोट यंत्र आणि टर्बो यांच्यामध्ये, पाइपाच्या खालच्या अंगाला थांबलं. "हिरे, हितं खाली दुसरं भोक हाय. बुजवलेलं. हे कशाला व्हतं?"

मी खाली वाकले. पहिल्या भोकासारखंच रबर, तसाच बोल्ट. मी ते पाहिलंच नव्हतं. ज्या कारखान्यात हे इंजिन बनलं त्यांनी व्हॉल्व्ह दिला होता, आणि त्यातून सुटलेली हवा बाहेर न सोडता पुन्हा टर्बोच्या आधी आणून सोडली होती. मोजलेली हवा आतल्या आतच फिरत राहायची. मधे कुणीतरी इंजिन बसवताना तो व्हॉल्व्ह हरवला आणि दोन्ही भोकं बुजवून टाकली. आम्ही दोघं ते बघत एकदमच हसलो. अर्धं उत्तर माझ्याकडे होतं, अर्धं त्यांच्या बोटात.

मंचरच्या लेथवाल्याकडून व्हॉल्व्हच्या तोंडाला एक टोपी वळवून घेतली, तिला रबरी नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक त्या खालच्या भोकात नेलं. घाटात गाडी लोण्यासारखी चालली. पाय काढला की काहीच नाही, नुसता एक हलका सुस्कारा, तोही कान देऊन ऐकला तर.

"आवाज गेला की!" प्रतापभाऊ खरोखर हळहळले.

"आवाज पायजे का टर्बो पायजे?" आण्णा म्हणाले.

आजही माझ्याकडे पोरं येतात. डिझेल गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "मावशी, ब्लो-ऑफ बसवा, फुस्स आवाज पाहिजे." मी त्यांना विचारते, "बाळा, हवा कोंडतीय कुठं?" हल्लीच्या पेट्रोल टर्बोवर हा व्हॉल्व्ह कंपनीतूनच येतो आणि तो गुपचूप हवा परत फिरवतो; त्याला हात लावू नका, फाटला असेल तर तसाच नवा घाला, एवढंच मी सांगते. काहींना ते पटत नाही, ती दुसरीकडे जातात. जाऊ देत. गरज आहे का, या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या पोटात असतं, दुकानाच्या काचेत नसतं. हे मला ठाऊक आहे, आणि या बाबतीत मला आता कुणाच्या दाखल्याची गरज वाटत नाही.

प्रतापभाऊ शर्यतीला गेले. जाताना ओझरला गणपतीपुढे नारळ फोडून गेले, आणि चौथ्या दिवशी गाडी काचेपर्यंत चिखलानं माखून परत आली. चौथा नंबर आला होता. त्यांना त्याचा केवढा आनंद! उतरल्याउतरल्या ते आण्णांकडे गेले. "आण्णा, जरा टर्बो तपासता का? चार दिवस निर्दयपणे चालवलीय."

आण्णा एका ट्रकच्या खाली होते. घोंगडीवर पडल्यापडल्याच म्हणाले, "मी कशाला? व्हॉल्व्ह तिनं बसवलाय, तिला दाखवा."

मी टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला. आत हात घालून दांड्याचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि पुढे-मागे हलवून पाहिलं. हललं नाही. बाजूला हलवलं, असायला हवी तेवढीच जागा होती, केसाएवढी. पाइपात तेलाचा थेंब नव्हता. अंगणात सात-आठ माणसं उभी होती, सगळी माझ्या हाताकडे बघत.

"ठीक आहे," मी म्हणाले. "घेऊन जा."

प्रतापभाऊंनी बॉनेट लावलं आणि गाडीत बसले. त्यांनी आण्णांना पुन्हा विचारलं नाही.